सकाळी सातची हाक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

मीच केलं. दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायची सोयच नाही.

सोळा तारखेला अश्वजितदादाला जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला भन्तेजी येणार, नातेवाईक येणार, म्हणून आठवडाभर घर काढलंय. जळमटं झाडली, भिंती रंगवल्या. त्याच झपाट्यात दादाच्या कॉम्प्युटरला हात घातला. वर्षभर तो कुणी अपडेट केलेला नव्हता. म्हटलं, त्याच्या दिवसाला त्याची वस्तूही स्वच्छ असावी! त्यावरचे प्रोग्राम ज्याच्या जोरावर चालतात ते पायथन नवीन घातलं आणि जुनं, अडगळ म्हणून, काढून फेकलं. मशीनने विचारलंसुद्धा, नक्की का? मी हो म्हटलं.

आता ते काहीच ऐकत नाही. या मशीनवर काहीही नवीन घालायचं तर 'इमर्ज' म्हणून हुकूम द्यायचा असतो. आणि इमर्ज स्वतःच पायथनवर चालतं. त्याच जुन्यावर! म्हणजे दुरुस्ती ज्याने करायची तोच मेलेला.

उद्या सकाळी सात वाजता आईला हाक येणार नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आली नाही.

दादा पुण्याला नोकरीला होता. आई गोळ्या विसरायला लागली तेव्हा त्याने घरच्या या कॉम्प्युटरवर हे करून ठेवलं. रोज सातला कपाटावरच्या स्पीकरमधून त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज — "आई, उठली का? आज मंगळवार. पांढरी गोळी घे." वार बदलतो, गोळीचा रंग बदलतो. पुण्याच्या रस्त्यावर गाडीखाली तो गेला, पण आवाज थांबला नाही. मी थांबवू दिला नाही. आई रोज उत्तर देते, "घेतो रे राजा." तिला वाटतं पुण्याहून फोन आहे. मला कधी मावशीच्या नावाने हाक मारते, कधी नुसतं बाई म्हणते. पण तो आवाज तिला कळतो. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बजावलंय — तिचा रोजचा क्रम मोडू नका, एवढा एकच धागा राहिलाय.

आज मी म्हटलं, आई, पांढरी गोळी घे. तिने ओठ घट्ट मिटले. "माह्या पोराले येऊ दे," म्हणाली. शेवटी दह्यात कालवून दिली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

टायपिंगचा क्लास लवकर सोडला आणि अकरमभाईंना घेऊन आले. दादाचे वर्गमित्र. बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. म्हणाले, मशीन ज्यावर चालतं ते हे जेन्टू आपल्या डोक्यावरून जातं. दादालाच हौस होती. सगळं जग तयार प्रोग्राम घेतं, याला प्रत्येक गोष्ट मूळ कोडपासून घरीच बनवायची असायची. विकतचं पीठ चालायचं नाही, गहू आणून घरीच दळायचं, तसं.

तीन तास बसले. इमर्जची ताजी प्रत उतरवून ती थेट नव्या पायथनने चालवली. चाललं! मी वेड्यासारखी टाळी वाजवली. आता नव्या पायथनवर चालावेत म्हणून एकशे त्रेचाळीस प्रोग्राम नव्याने बनवायचेत. एकेक करून.

आईने चारदा विचारलं, फोन आला का.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

एकसष्टाव्याला लाईट गेली. जुन्या बॅटरीने पाच मिनिटंही दम धरला नाही. अर्धा बनलेला प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी आई साडेसहालाच नवं लुगडं नेसून कपाटासमोर खुर्ची टाकून बसली होती. आठ वाजले, नऊ वाजले. "रागावला असन," म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग पीठ मळलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

खरं लिहिते. वही कुणी वाचणार नाही. मला त्या आवाजाचा राग येतो. औषधं मी आणते, अंघोळ मी घालते, रात्री ती उठली की मी उठते. आणि "राजा" तो! मेल्यावरही तोच!

लिहून टाकलं. लाज वाटतेय. पण खोडत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

एकशे नऊ झाले. आज आईने फोनचं विचारलं नाही. बरं वाटलं, सलग काम करता आलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजही नाही विचारलं. गोळी माझ्या हातून निमूट घेतली. शांत आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सगळे एकशे त्रेचाळीस झाले. एकही चूक नाही. हात धुवून, दादाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून त्याचा प्रोग्राम सुरू केला.

चौदाव्या ओळीत बंद पडला!

आवाज लहानमोठा करायचा जो भाग दादाने वापरला होता, तो नव्या पायथनमधून काढूनच टाकलाय. काढणार म्हणून पायथनवाले दोन-तीन वर्षं आधीपासून सांगतही होते म्हणे. मी कुठे वाचायला गेले होते! त्याचं आवाजाचं गाठोडंही त्याच भागाने बांधलेलं आहे. मोबाईलवर ती फाईल उघडत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती खरखर येते. त्याच्या आवाजाची दुसरी प्रत घरात नाही. मोबाईल बदलला तेव्हा जुने निरोप गेले — तोही शहाणपणा माझाच.

पहिल्यांदाच त्याचं कोड नीट वाचलं. एका ओळीपुढे त्याने मराठीत लिहून ठेवलंय, आईला उजव्या कानाने कमी येतं, आवाज दुप्पट कर. मला ते माहीतच नव्हतं. सहा वर्षं मी तिच्या उजव्या बाजूला बसून बोलतेय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अकरमभाईंना फोन करून, जुनं पायथन मीच काढलं हेही सांगितलं. ते म्हणाले, "पर ताई, जुनं काढलंच काऊन? या मशीनवर जुनं अन् नवं दोन्ही राह्यतात सोबत. शेजारी शेजारी. तोच तर कायदा हाय याचा, अश्वजितच सांगे."

मला खरंच माहीत नव्हतं. नवीन आलं की जुनं उचलायचं, एवढंच मला येतं. त्याचे कपडे महिन्याच्या आत वाटले, खाट अंगणात काढली, पुस्तकं वाचनालयाला दिली. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे. मीही तेच म्हणत होते.

जुनं पायथन परत मागवलं. मूळ कोडपासून बनायला पाऊण तास लागला. एवढंच काम होतं! पाऊण तासाच्या कामासाठी अकरा सकाळी घालवल्या मी.

मग त्याचा प्रोग्राम त्या जुन्यावर चालवला. आईला वेळेआधी ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन लावले. "आई, उठली का?" तोच आवाज, शेवटी किंचित चढणारा. मी टेबलावर डोकं ठेवून ते सात वेळा ऐकलं, प्रत्येक वार. त्या शनिवारचा राग कुठे गेला माहीत नाही. दादा, मला माफ कर रे.

उद्या पाहुण्यांची गडबड. परवा रविवारी, त्याच्याच दिवशी सातला लावणार.

रविवार, १६ नोव्हेंबर

बरोब्बर सातला लागला. "आई, उठली का? आज रविवार. पिवळी गोळी घे." मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. आईने मान वर केली, ऐकलं. प्रोग्राम उत्तरासाठी थांबतो तेवढा थांबला आणि पुन्हा एकदा तेच म्हणाला. तिने माझा पदर ओढला.

"कोनाचं लेकरू हाय वं बाई? कव्हाचं आईले हाका मारून राह्यलं. जाय, कोनी ओ तरी द्या त्याले."

मी ओ दिली.