आईनं कानानं निवडलेला टीव्ही

आण्णा, घरातला टीव्ही गेला. तुमचा नव्हे. तुमचा तो शटरचा लाकडी खोका तुमच्या आधीच भंगारात गेला होता. हा नंतरचा, धाकट्या भावानं घेतलेला, भिंतीवरचा. गेल्या महिन्यात भर दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, आणि परत आली ती एवढ्या जोरात की पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या त्या उमटल्याच. मेकॅनिक बघून गेला. पॅनल गेलंय म्हणाला, दुरुस्तीच्या पैशात नवा येतोय. हे तुम्हाला कळवायचं खरं तर काही कारण नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि या एकोणीस वर्षांत तुमच्या आठवणीनं माझे डोळे भरलेत असं एकदाही झालेलं नाही. वर्षश्राद्धाला मी लातूरहून उमरग्याला यायचे ती आईसाठी. नर्सच्या नोकरीत मी पुष्कळ माणसं जाताना पाहिली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं, ही रीत मला कधी पटली नाही. पण नवा टीव्ही घेताना दुकानात मी एक गोष्ट केली, आणि ती तुमच्याबद्दल होती. म्हणून लिहिते आहे.

धाकट्याला तुम्ही आता ओळखणार नाही. खतं-बियाणांचं दुकान चालवतो, पोट सुटलंय, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता मोबाईलकडं बघतो. त्याच्या पोरीचं लग्नाचं चाललंय, पाव्हणे बघायला येणार होते. त्यामुळं टीव्ही गेला हे कळताच त्यानं पंचावन्न इंची घ्यायचा ठरवूनच टाकला, हप्त्यावर. मला फोन करून म्हणाला, "अक्का, आर्धे तू घाल. बैठकीत भिंतभर टीव्ही दिसला म्हंजे पाव्हण्यावर जरा वजन पडतंय." मी म्हटलं, पाव्हणे पोरगी बघायला येणार का टीव्ही? माणसाची पत इंचात मोजायची अक्कल त्याला कुठून आली हे मला विचारायला नको. आपल्या गल्लीत पहिला टीव्ही आणून तुम्ही चार वर्षं मिशीला पीळ दिलात, ते त्यानं लहानपणी पाहिलंय. मी सांगितलं, पंधरा हजाराच्या वर मी एक रुपया घालणार नाही, आणि टीव्ही जी बघणार तिला दुकानात न्यायचं. "आईला? तिला काय कळतंय त्यातलं, आन् ऊन केवढं हाय!" त्याच्यामागून आईचाही आवाज आला, "ब्याड, ब्याड, मला नगं." साठ वर्षं झाली तिला या गावात नांदायला येऊन, तरी नको म्हणायला तिला अजून माहेरची कानडीच लागते.

त्या कानडीवरून तुम्ही तिला किती हसलात! ती 'ळ' ठसक्यात म्हणायची, बाईमाणसाला 'आला' म्हणून जायची, आणि तुम्ही ते चारचौघांत तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचात. शेवटी ती लोकांसमोर बोलेनाशी झाली आणि तुम्ही म्हणायला लागलात, आमची बायको मुकी हाय. एसटी स्टँडावर मात्र तुमचा रुबाब तिथल्या स्पीकरपुरता. कंट्रोलरच्या खिडकीत बसून 'सोलापूरकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर' म्हणायचात, तो आवाज गावात नावाजलेला. पण डेपोतला साहेब समोर आला की तोच आवाज कसा लोण्यासारखा व्हायचा, ते मी डबा घेऊन आलेली असताना पाहिलंय. साहेबानं तुमच्या अंगावर वही फेकली होती आणि तुम्ही ती उचलून, झटकून, दोन्ही हातांनी परत दिली होती. मला तेव्हा तुमची कीव आली असती. पण त्याच दिवशी घरी येऊन तुम्ही भाजीत मीठ जास्त म्हणून ताट अंगणात भिरकावलंत, आणि कीव करायची राहून गेली.

तुम्हाला एक माहीत नव्हतं. आपलं घर स्टँडाच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळं तुमचा स्पीकर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आई भाकरी थापत कान तिकडं लावून असायची. मधेच हात थांबायचा. "घसा बसलाय आज, कोनाशी तरी वाजलंय," असं म्हणून ती आम्हा दोघांना परसात खेळायला पाठवायची, भांडी आवरायची, तुमचा पाट मांडायची. कधी म्हणायची, "आज बरं हायत," आणि मग आम्ही अंगणात गोंधळ घालत राहिलो तरी काही बोलायची नाही. ती एकदाही चुकली नाही. मी आज पेशंटच्या नुसत्या श्वासावरून ओळखते की रात्र जड जाणार. डॉक्टर विचारतात, सिस्टर, तुम्हाला कसं कळतं? कुठं शिकले ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

टीव्ही आला तो रविवार मला आठवतो. खोक्याला सरकतं लाकडी शटर, शटरला कुलूप, आणि किल्ली तुमच्या करदोड्याला. गल्लीतली माणसं अंगणात पोत्यांवर बसलेली, तुम्ही खुर्चीवर, आणि आई आत. सिनेमा सुरू झाला की चहा, चहा झाला की स्वयंपाक. त्या घरात तिनं टीव्ही बघितला असं मला आठवतच नाही. ती तो ऐकायची. भिंतीपलीकडून ऐकून तिला सगळी गोष्ट ठाऊक असायची. नट तिला तोंडानं माहीत नव्हते, आवाजानं माहीत होते. शुद्ध मराठी ती तुमच्याकडून नाही, बातम्या देणाऱ्या बाईकडून शिकली, पीठ मळता मळता. मग एकदा वाऱ्यानं अँटेना फिरली. पडद्यावर मुंग्या आल्या, खरखर झाली आणि एकदम कानडी कार्यक्रम लागला. एक म्हातारा काहीतरी विनोदी बोलत होता, आम्हाला कुणाला कळत नव्हतं. आणि आई दारात आली. हाताला पीठ, डोक्यावरचा पदर मागं गेलेला, आणि ती हसते आहे. तोंडावर हात न ठेवता, मोठ्यानं. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. तुम्ही वळून पाहिलंत आणि म्हणालात, "काय गं ए, माहेरचा मानूस भेटला वाटतं? बोलव की जेवाय!" सगळं अंगण हसलं. तुम्ही उठलात, शटर ओढलंत, कुलूप लावलंत. ती आत गेली. मी नऊ वर्षांची होते. लोक हसले तेव्हा मीही हसले, आणि त्याचं खापर मी अजून तुमच्यावरच फोडते.

तर तिला मी दुकानात नेलंच. हायवेवरचं मोठं काचेचं दुकान, आत गारवा, भिंतीवर पन्नासेक टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच रंगीत पोपट एकाच वेळी पंख पसरतोय. दुकानदार कपाळाला गंध लावलेला, गोड बोलणारा. एका गिऱ्हाइकाशी कानडी, दुसऱ्याशी हिंदी, आमच्याशी मराठी. धाकट्याचे कपडे बघून त्यानं थेट मोठ्या टीव्हीपाशीच नेलं. म्हणाला, "ताई, ह्यात एआय हाय. तुमाला काय आवडतंय ते ह्यो सोताच ठरवतोय." मी म्हटलं, असला एक आमच्या घरी आधी होता. त्याला कळलं नाही. धाकट्याला कळलं आणि त्यानं माझ्याकडं डोळे वटारले. मग चित्र किती धारदार, कडा किती बारीक, पाठ किती पातळ, हे सुरू झालं. जणू आम्ही टीव्ही नाही, पापड घ्यायला आलो होतो. आई पदरात हात गुंडाळून मधे उभी. थोड्या वेळानं माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ही समदी मुकी हायत का गं?"

खरंच, आवाज सगळ्यांचे बंद होते. दुकानदार हसला आणि रिमोट घेऊन मोठ्याचा आवाज चढवला. बातम्या लागल्या. आईनं डोळे मिटले. मान जराशी तिरकी. मला एकदम चुलीपुढची ती दिसली. "डब्यात तोंड घालून बोलल्यागत येतंय," ती म्हणाली. दुकानदारानं दुसरा लावला. "ह्येचा 'स' फुसकतोय." तिसरा. "ह्यो तर भिताडाशी बोलतोय, आपल्याशी न्हायच." दुकानदाराचं हसू थांबलं. खरं काय ते त्याला सांगावंच लागलं. पातळ टीव्हीत स्पीकर मागच्या बाजूला असतात, आजीबाईंना आवाज पायजे तर बाहेरून वेगळा स्पीकर लावावा लागंल, त्याचे वेगळे पैसे. "म्हंजे आदी मुका इकायचा, मंग जीभ येगळी इकायची," आई म्हणाली. भर दुकानात, एका परक्या पुरुषाला, मोठ्यानं! दुसरं गिऱ्हाईक हसलं, पण तिला नाही, दुकानदाराला हसलं.

कोपऱ्यात एक बत्तीस इंची होता. गेल्या सालचा, जरा जाडजूड, पडद्याखाली समोर जाळी, जाळीच्या आत स्पीकर. दुकानदार तो दाखवायलाच तयार नव्हता. आईनं तो लावायला सांगितला. डोळे मिटून ती बराच वेळ ऐकत राहिली. बातम्या ऐकल्या, मग गाणं, मग तिनं त्याला कानडीत काहीतरी सांगितलं आणि त्यानं चकित होऊन कानडी चॅनल लावला. तेही तिनं ऐकलं. किंमत माझ्या पंधरात बसत होती. मला वाटलं, झालं. पण डोळे उघडल्यावर तिला धाकटा दिसला. तो पलीकडं टेबलापाशी पंचावन्न इंचीचा हप्त्याचा फॉर्म भरत होता, आधार कार्ड काढून. आणि तिचा चेहरा मिटला. हे मिटणं मी लहानपणापासून ओळखते. "तुमाला आवडंल त्यो घ्या," ती म्हणाली. "मला काय, कसला बी चालतोय." मी म्हटलं, अगं आत्ता तर तुला हा आवडला होता. ती म्हणाली, "तसं न्हाय. त्यांना कसला आवडला असता काय म्हाईत."

त्यांना! एकोणीस वर्षांनी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा हजाराच्या टीव्हीलाही तुमची परवानगी. माझ्या तोंडावर आलं होतं की आई, त्या माणसानं तुला आयुष्यभर भिंतीच्या पलीकडं बसवलं, आता तरी त्याला मरू दे. तसं मी बोलले असते तर ती घरी येऊन दोन दिवस जेवली नसती, आणि भिंतीवर पंचावन्न इंची मुका लागला असता. म्हणून मी खोटं बोलले. ते कसं सुचलं मला माहीत नाही. मी म्हटलं, "आण्णा दवाखान्यात शेवटी मला म्हणाले व्हते. तुझ्या आईइतकी आवाजाची पारख कुणाला न्हाय. तिच्या कानावर डोळे झाकून इश्वास ठेवावा."

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. शेवटचे नऊ दिवस मीच तुमच्या उशाशी होते. तुम्ही चहा गार आहे म्हणालात, उशी बदल म्हणालात, आणि आई डबा घेऊन आली की भिंतीकडं तोंड केलंत.

आई माझ्याकडं बघत राहिली. "खरं म्हनत व्हते?" "व्हय." "तुला सोताच?" "मला सोताच." तिनं पदरानं तोंड पुसलं, उगाचच, काही लागलेलं नसताना. मग ती सरळ टेबलापाशी गेली आणि फॉर्मवर तळहात ठेवून धाकट्याला म्हणाली, "त्यो ऱ्हाऊ दे. कोपऱ्यातला बांध." "आई, आगं पाव्हणे…" "पाव्हण्याला ऐकू येतंय न्हवं? मंग झालं." तो गाडीत घरापर्यंत काचेकडं तोंड करून बसला. बापाचा एवढा गुण त्यानं नेमका उचलला आहे.

टीव्ही लागला. आई पहिले दोन दिवस स्वयंपाकघरातूनच ऐकत होती, तिसऱ्या दिवशी बैठकीत आली, आणि आता लोणच्याला लिंबं-मिरच्या चिरायच्या असल्या तरी पाट घेऊन टीव्हीसमोर बसते. दुपारी कानडी मालिका लावते आणि सुनेला मराठीत सांगत जाते. पाव्हणे आले, पोरगी त्यांना पसंत पडली. बत्तीस इंचावरून कुणी काही बोललं नाही. पण आईनं त्यांना ती गोष्ट सांगितली. 'आमचे मालक म्हनायचे,' अशी सुरुवात करून. शेजारणीला सांगितली, भाजीवालीला सांगितली. आता त्यात डॉक्टरही आलाय. तुम्ही म्हणे डॉक्टरला थांबवून सांगितलंत, ही माझी मंडळी, हिचे कान बघा. एक पैचा त्रास न घेता तुम्ही भला नवरा झालात आण्णा, मेल्यावर, माझ्या जिभेवर. याचा मला मनापासून संताप येतो. जन्मभरात तुमच्या नावावर एक चांगलं वाक्य नाही, आणि जे आहे ते माझं.

हा कागद कुठं धाडायचा नाही, आईच्या हाती तर लागू द्यायचाच नाही, म्हणून दवाखान्यातल्या कपाटात ठेवणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. काल फोनवर तिनं मलाच ती गोष्ट परत सांगितली, मला माहीत नसल्यासारखी, अगदी तुमच्या आवाजात. मी तिला थांबवलं नाही. उलट विचारलं, "आनखी काय म्हनले?" आणि ती सांगायला लागली तशी मी खुर्ची ओढून बसले.