साडेचार नंबरचा फिल्टर

प्रिय दादा,

तुझ्या प्रदर्शनाचे सगळे प्रिंट धुऊन, वाळवून दाबाखाली ठेवलेत. एकाचीही कड दुमडलेली नाही. डार्करूममधला नळ मात्र पुन्हा गळायला लागलाय आणि प्लंबर आज येतो, उद्या येतो करत मला झुलवतोय. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि जे सांगायचंय ते मधेच तोडलंस तर पुन्हा सुरू करायची माझी छाती होणार नाही.

बाबांचा खिडकीतला फोटो आठव. अंगात पांढरा सदरा, मागे काळोखा कोपरा, त्यात टेकवून ठेवलेली त्यांची छत्री. तो मी पहिल्यांदा छापला तेव्हा तू शेजारी उभा होतास. एन्लार्जरच्या दिव्याखालच्या खणात दोन नंबरचा फिल्टर सरकवलास आणि म्हणालास, नंबर चढवला की काळं अजून काळं होतं, पांढरं अजून पांढरं, आणि मधलं सगळं मरतं. आपले बाबा त्या मधल्यातच आहेत. सदऱ्याच्या चुण्याही दिसल्या पाहिजेत आणि छत्रीही. मी उगाच नंबर चढवला की माझ्या हातातला प्रिंट धरायचा चिमटा काढून घ्यायचास. चिमटी हे नावही तेव्हाच चिकटलं.

यंदा तोच प्रिंट तुला फिका दिसायला लागला. म्हणालास, यात जीव नाही, धुकं पडल्यासारखं झालंय, नंबर वाढव. मी हुज्जत घातली, तू भडकलास. आधी वाटलं, तुझी आवड बदलली असेल. मग एकदा आमच्याकडे पांढऱ्या टेबलावर पांढरी बशी होती, आणि तू कप बशीत न ठेवता तिच्या काठावर टेकवलास. सगळा चहा मांडीवर. तू टेबलाला शिव्या घातल्यास, मी हसले. पण पांढऱ्यावरचं पांढरं तुला दिसलंच नव्हतं, हे मला कळलं होतं. डोळ्यांचा विषय काढला तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस.

म्हणून मी सोपी वाट धरली. तू तीन नंबरचा फिल्टर लाव म्हणालास, मी गुपचूप साडेचारचा लावला आणि तीनचाच आहे म्हणून प्रिंट तुझ्या हातात दिला. तो खिडकीशी नेऊन तू म्हणालास, हां, आता कसं! चिमटी, तुझा हात बसला बघ. इतक्या वर्षांत तू माझं असं कौतुक कधी केलं नव्हतंस रे. मी हुरळून गेले. प्रदर्शनाचा एकेक फोटो मग तसाच छापत गेले. फ्रेमवाल्याने विचारलंसुद्धा, दादांनी हल्ली एवढं भडक का धरलंय? मी म्हटलं, नवीन शैली आहे. खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचीच आता लाज वाटते. बाबांच्या सदऱ्याची एक चुणी उरलेली नाही. छत्री तर कोपऱ्यानेच गिळलीय.

प्रिंट काय, पुन्हा छापता येतील. तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. काल वहिनीचा फोन आला. तिने तुझ्या किती मागे लागून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती तू रद्द केलीस. का, तर चिमटीचे प्रिंट मला अगदी स्वच्छ दिसतात, मग डोळ्यांना काय धाड भरलीय! वेळ देतानाच डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणे, उशीर करू नका, गेलेली नजर परत आणता येत नाही. तरी वहिनी हसत सांगत होती, तिला हायसं वाटलं होतं, आणि मी नुसती हूं हूं करत राहिले. दादा, ज्या पुराव्यावर तू निर्धास्त बसलायस, तो मी बनवलाय. सोबत बाबांचे दोन प्रिंट ठेवलेत, पाठीमागे नंबर लिहिलेत, या वेळी खरे. दिवसाउजेडी दोन्ही बघ, वहिनीलाही दाखव. तिला जो बरोबर वाटेल, तोच तुला फिका दिसेल. हे पत्रही जाड काळ्या पेनाने मोठं मोठं का लिहिलंय, ते आता कळलं असेल. माझ्यावर हवं तेवढं ओरड, पण नंतर. डॉक्टरांची वेळ मी पुन्हा घेतलीय, शनिवारी सकाळी न्यायला येते. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन.

तुझीच, बोलणी खायला तयार असलेली,
चिमटी