कोरी बाजू

३ मार्च, मंगळवार

लॅपटॉपला सीडीची खाचच नाही! सगळ्या बाजूंनी पाहिलं, उलटासुद्धा करून पाहिला. बाबा म्हणाले, "नीट बघ, असेल कुठेतरी." जणू मीच दडवून ठेवली आहे.

काम म्हटलं तर एवढंसं. जानेवारीत बाबांच्या मानेचा स्कॅन काढला, त्याची ही सीडी. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली आहे, ऑपरेशन करा. बाबा म्हणाले, आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. दुसरे डॉक्टर महिन्यातून एकदाच इथे येतात – पुढच्या गुरुवारी, बारा तारखेला. त्यांच्या मदतनिसाने फोनवर सांगितलं, "कागदावरचे फोटो आणू नका, त्यात काही कळत नाही. सीडी आमच्याकडे चालत नाही. पेन ड्राइव्हवर घालून आणा."

स्कॅनवाल्यांना विचारलं, तुमच्याकडून दुसरी कॉपी द्याल का? त्या मुलीने सांगितलं, महिन्याच्या वर आम्ही काही ठेवत नाही. पुन्हा स्कॅन काढायचा तर बाबांनी हात जोडले. "त्या नळकांड्यात मी परत जाणार नाही. मेल्यावर घाला हवं तर."

म्हणजे जे काही आहे ते या सीडीत आहे.

बाबा पेंटर आहेत. दुकानांचे बोर्ड, दवाखान्यांच्या पाट्या, शाळेच्या भिंती. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणतात. त्याच हातावर हे घर चाललं आहे, माझं कॉलेज झालं आहे. ऑपरेशन बिघडलं तर हात जाईल, करायचं असून केलं नाही तर हळूहळू जाईल. आणि यातलं कुठलं, ते सांगणारे डॉक्टर महिन्यातून एकदा येणार.

४ मार्च, बुधवार

काका आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंधरा वर्षं शिकलीस, आणि एक तबकडी लावता येईना?"

मी म्हटलं, "काका, मी समाजशास्त्र शिकले."

"मग समाजात कुणाकडे तरी असेल की मशीन. विचार."

घरातली पहिली पदवीधर म्हणजे घरातली पहिली वायरमन, पहिली वकील आणि पहिली डॉक्टर. गेल्या महिन्यात मिक्सरसुद्धा माझ्याकडे आणून ठेवला होता. पण काकांचं खोटं नाही. विचारायला हवं.

संध्याकाळी वर्ग घेतला. दिवसभर संस्थेच्या ऑफिसात टायपिंग, आणि सहाला बायकांचा साक्षरता वर्ग. उभं राहून पाय भरून येतात. आज एक नवीन मावशी आल्या. पाटी पुढे केली तर म्हणाल्या, "आज चष्मा विसरले, ताई." पहिल्या आठवड्यात सगळ्याजणी चष्मा विसरतात. ज्यांना चष्मा नाही त्यासुद्धा. मी काही बोलत नाही, तक्त्यापाशी नेते. बाबांनी मागच्या महिन्यात वर्गासाठी नवे तक्ते रंगवून दिले, त्यांवर बोट फिरवायला सगळ्यांना आवडतं. अक्षरं आधीपेक्षा गुबगुबीत झाली आहेत. ळ तर असा पोट सुटलेला की मावशी हसल्या आणि चष्मा विसरल्या. मी बाबांना म्हटलं होतं, तुमच्या अक्षराचंही वय झालं. ते नुसते हसले.

एक बाई सही करायला शिकली की घर बदलतं, असं मला खरंच वाटतं. संस्थेतल्या नोकरीच्या मुलाखतीत हे म्हटलं तेव्हा समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले होते. हसू देत. आईला मात्र मी अजून वर्गात आणू शकलेले नाही. "मी तिथे येऊन बसले तर इथे तुझ्या पोळ्या कोण लाटेल, अ की आ?"

६ मार्च, शुक्रवार

मशीन मिळालं. कोपऱ्यावरच्या फोटोग्राफरकडे. लग्नाच्या सीड्या आता कुणी मागत नाही, त्याच्याकडे कपाटात पडून होतं. चपटा काळा डबा, एक वायर, वायरीला पुढे दोन फाटे. "गुरुवारपर्यंत ठेव," म्हणाला. "फक्त आपटू नकोस, म्हातारं झालंय ते."

घरी येऊन लावलं. दिवा लागला, विझला. लागला, विझला. आतून टक् टक् आवाज, जसं कुणी आत कोंडलं आहे. लॅपटॉपवर काही नाही. काढलं, दुसऱ्या खाचेत लावलं. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच.

आई दारातून बघत होती. "दम लागलाय त्याला," म्हणाली.

७ मार्च, शनिवार

आईचं बरोबर निघालं! फोटोग्राफरला फोन केला.

"दोन्ही शेपट्या लावल्यास का?"

"एकच लावली. दुसरी कशाला असते?"

"अगं, एका खाचेतून त्याला पुरेशी वीज मिळत नाही. दोन घास लागतात त्याला. दोन्ही लाव."

दोन्ही लावल्या. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. लॅपटॉपवर नवीन चित्र आलं. मला इतकं बरं वाटलं की मी बाबांना हाक मारली. ते दारात उभे राहिले, उजवा हात खिशात.

सीडी घातली. मशीन फिरलं, कण्हलं, परत फिरलं, थांबलं. लॅपटॉप म्हणाला, कृपया डिस्क घाला.

घातली आहे की रे! तीनचारदा तेच. शेवटी सीडी बाहेर काढून उलटी केली.

खालच्या चकचकीत बाजूवर, लाल ऑइलपेंटने, सुबक गोलाईत – बाबांचं नाव, आणि त्याखाली "सांभाळून ठेवणे".

आमच्या घरात सगळ्यावर नावं असतात. शिडीवर, छत्रीवर, पिठाच्या डब्यावर. पेंटरचं घर. पण सीडीच्या वाचायच्या बाजूवर!

"हे कुणी केलं?"

बाबा म्हणाले, "मीच. त्या बाजूला आधीच काहीतरी छापलं होतं. ही बाजू कोरी दिसली."

आई भांडी घासत होती, ती घासतच राहिली.

मी खूप बोलले. नको इतकं. बाबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "टर्पेंटाइन लावून बघू?" मी सीडी पोटाशी धरली.

८ मार्च, रविवार

फोटोग्राफर म्हणतो, टर्पेंटाइन अजिबात नको, प्लास्टिक पांढरं पडलं की संपलं. खरवडायचंही नाही. मग काय करायचं? "ते मला माहीत नाही. माझ्या सीड्यांवर कुणी बोर्ड रंगवत नाही."

आई म्हणाली, "तेल लाव. गोडंतेल. नखांतला रंग मी तसाच काढते."

बाबांचे हात तीच धुऊन देते हल्ली, मला माहीत आहे. म्हटलं, बघू. आधी एका जुन्या सीडीवर रंगाचा ठिपका देऊन करून पाहिलं. गेला.

मग आईने सीडी मांडीवर घेतली. जुन्या मऊ धोतराचा तुकडा, तेलाचं बोट. चोळायचं नाही, नुसतं भिजू द्यायचं, थांबायचं, टिपायचं. मी शेजारी बसून राहिले. तिने "ठेवणे" पुसलं, मग "सांभाळून". ळपाशी थोडी थांबली. "चांगला आला होता," म्हणाली.

मी म्हटलं, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"गोल आहे की नाही, ते कळतं."

सगळी दुपार गेली. शेवटी साबणाच्या पाण्याने धुतली, सावलीत वाळवली. दोन बारीक ओरखडे राहिले आहेत. उद्या लावते. आज हिंमत नाही.

९ मार्च, सोमवार

चालली!!

ऑफिसला जायच्या आधी लावली. मशीन कण्हलं, कुरकुरलं, आणि मग एकसुरी घुर्र आवाज. फाइलींची रांग उघडली. एकेका फाइलीला एवढा वेळ की चहा गार झाला. ओरखड्यापाशी आली तेव्हा किती कॉपी झालं ते दाखवणारी पट्टी अडकून बसली. आई, बाबा आणि मी, तिघं त्या हिरव्या पट्टीकडे बघत होतो, आई तर हात जोडूनच. मग एकदम पुढे सरकली.

लॅपटॉपवर घेतलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, दुसऱ्या पेन ड्राइव्हवरही घेतलं. चित्र उघडून पाहिलं. मणके. करडे, एकाखाली एक, शिडीसारखे. एका ठिकाणी मधली पांढरी रेघ चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली आहे.

बाबा बघत राहिले. "बोर्ड वाकडा लागलाय," एवढंच म्हणाले.

ऑफिसला उशीर झाला. बोलणी खाल्ली.

१० मार्च, मंगळवार

दमले आहे. काही लिहीत नाही. मशीन परत केलं. फोटोग्राफर म्हणाला, बोर्ड रंगवला नाहीस ना त्याच्यावर?

१२ मार्च, गुरुवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो.

पेन ड्राइव्ह लगेच चालला. डॉक्टरांनी चित्रं वरखाली केली, बराच वेळ. मग बाबांचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं. तिथलं मांस झिजून खड्डा पडला आहे. मी कधी पाहिलंच नव्हतं.

"हाताचा त्रास कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील."

"नक्की? कारण माझा सगळा निर्णय त्यावर आहे. दोनच महिने असतील तर आधी व्यायाम, पट्टा, थोडी वाट बघू. मान उघडायची घाई करणार नाही. पण जुनं असेल तर एक आठवडासुद्धा घालवता येणार नाही. गेलेली ताकद नंतर परत येत नाही."

"दोनच महिने, डॉक्टरसाहेब."

"बारीक काम जमतं या हातानं?"

"रोज करतो की. बोर्ड रंगवतो."

डॉक्टरांनी परत पडद्याकडे पाहिलं. मग पेन आणि कागद पुढे सरकवला. "नाव लिहून दाखवा."

बाबा कागदाकडे बघत राहिले. मग खिसे चाचपले. म्हणाले, "चष्मा घरी विसरलो."

बाबांचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "शनिवारपर्यंत मी इथे आहे. आठवून सांगा."

रस्त्यात बाबा माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले. वर्गात हे वाक्य ऐकल्यावर मी काय करते? काही बोलत नाही, तक्त्यापाशी नेते. बाबांना कुठे नेऊ? तक्ते त्यांचेच.

१३ मार्च, शुक्रवार

किती दिवस झाले, बाबा माझ्यासमोर जेवलेले नाहीत. मी घरी येते तेव्हा त्यांचं झालेलं असतं. शर्टाची बटणं आई लावते, मला वाटायचं लाड चालले आहेत या वयात. आणि बाबांचं दुकान, जिथे ते बोर्ड रंगवतात. दुपारी दार लोटलेलं असतं, ओल्या रंगाला धूळ लागते म्हणून. कॉलेजपासून मी दुपारी तिथे गेलेलीच नाही.

पण मग बोर्ड तर होत आहेत! मागच्या आठवड्यातच औषधाच्या दुकानाचा लागला. जाताना रोज बघते. एक रेघ हललेली नाही.

उद्या अर्धा दिवस सुटी टाकली आहे.

१४ मार्च, शनिवार

दुकानाचं दार ढकललं. स्टुलावर आई बसली होती, हातात ब्रश. बाबांनी डाव्या हाताने खडूने काढलेलं अक्षर ती भरत होती, बाबा मागून सांगत होते, "पोट आवर, पोट आवर." मला बघून आईचा ब्रश तसाच थांबला. मग आई म्हणाली, "दार लाव, धूळ येते."

मागच्या उन्हाळ्यापासून बाबांना ब्रश धरता येत नव्हता. "सांगितलं असतं तर तू वर्ग सोडून जास्त पगारासाठी भलतीकडे चिकटली असतीस," बाबा म्हणाले.

मी आईला विचारलं, हे काय लिहिलं आहे, वाचता येतं? ती म्हणाली, "वाचायला हे आहेत. मी रंगवते."

डॉक्टरांना तिथूनच फोन केला. बाबांनी स्वतः खरं काय ते सांगितलं. ऑपरेशन मंगळवारी, डॉक्टरांच्या शहरातल्या हॉस्पिटलात. वर्गातला ळ आईचा आहे.