पापणी मिटेपर्यंत

९ जानेवारी
माझी चरबी चालत नाही म्हणे! एवढं पोट सुटलंय, सगळं फुकट. प्लास्टिक सर्जन हसला — "बायकोला तिचीच लागते. परक्याची शरीर ठेवून घेत नाही." परका? बावीस वर्षांचा नवरा मी!

मग हिच्या पोटाला चिमटा घेऊन म्हणाला, "इथून काय काढू? सहा आठवडे खाऊ घाला."

पोटातली चरबी काढायची, धुवायची, गाळायची. थोडीतून मूळपेशी वेगळ्या करून उरलेलीत मिसळायच्या आणि ते मिश्रण भाजलेल्या गालाच्या व्रणाखाली सुईनं सोडायचं. कातडी मऊ झाली तर खाली ओढलेली पापणी सुटेल. नाहीतर उघडा डोळा सुकत सुकत नजर जाईल. "उपचार नवा आहे. हमी देत नाही," हे दोनदा बजावलं.

ही बाहेर येऊन म्हणते, "धुवायचं, गाळायचं — हा तर आपल्या लाँड्रीतलाच माणूस!"

१० जानेवारी
लिहूनच टाकतो. इस्त्रीच्या वाफेच्या टाकीचं झाकण मी आवळलं नव्हतं. पाणी भरलं, फोन आला, विसरलो. वाफ हिच्या तोंडावर! सगळ्यांना सांगितलं, झाकणाचा वायसर गेला होता. तीन वर्षं तेच सांगतोय. हिलासुद्धा. लाज वाटते स्वतःची.

२ फेब्रुवारी
हिचं वजन दीड किलो वाढलं, माझं चार! सोबत म्हणून खातोय ना. "ऑपरेशन नक्की कुणाचं आहे?" म्हणाली.

२६ फेब्रुवारी
झालं एकदाचं. मी बाहेर बाकावर बसून होतो. चेहरा भोपळ्याएवढा सुजलाय. बरीचशी चरबी जिरून जाईल, मग काय ते कळेल — इति सर्जन.

१५ एप्रिल
सूज उतरली. पापणी आहे तिथेच. मी उगाच एका गिऱ्हाइकावर खेकसलो.

३ जून
गाल चिमटीत येतोय! आधी नुसतं लाकूड होतं.

२१ जुलै
मिटला!! दुपारी जरा आडवी झाली, डोळ्याला पट्टी लावायची राहून गेली. मी लावायला गेलो, तर दोन्ही डोळे मिटलेले. वाकून वाकून पाहिलं. मग मोरीत गेलो, नळ सोडला आणि ढसाढसा रडलो. संध्याकाळी सर्जननं तपासलं — "बारीकशी फट आहे, थेंब चालू ठेवा. पण नजरेचा धोका टळला." हुश्श! तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

२२ जुलै
आज सांगून टाकलं. झाकण, फोन, वायसरची थाप — सगळं. ही कॉलरवर इस्त्री फिरवत होती. हात थांबला नाही.

"माहीत आहे. झाकण सैल दिसलं, म्हणूनच तर आवळायला वाकले होते."

मी हातातली घडी खाली ठेवली.

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले होते. तीन वर्षं लावलीत की हो!"