कोशाच्या धाग्यावरच्या गाठी

मंगळवार, संध्याकाळ

झोपेत यांचा श्वास अडकतो. झोपताना लावायला डॉक्टरांनी दिलेलं मास्कचं मशीन महिनाभर कपाटातच. म्हणतात, "घोरतो फक्त, मले काय झालं?" काल दुपारी हे झोपले तेव्हा मी कोशाचा, मागावरच्या टसर रेशमाचा, धागा घेऊन बसले. श्वास थांबला की एक गाठ.

आज सकाळी मागावर बसताना यांना तो गाठींचा धागा दिसला. विणकराला गाठ म्हणजे तुटलेलं सूत. चिडले, "हा इतका कायले तुटला?"

"धागा नाही जी, तुमचा श्वास तुटला."

मग मलाच शंका आली. भीतीपोटी एखादी गाठ जास्त तर नाही मारली मी? तसं सांगूनही टाकलं. गाठी चाचपत म्हणाले, "एक कमी धर. तरी बहुत आहेत."

दुपारी जेवल्यावर स्वतःच मास्क लावून झोपले. मी नवा धागा धरून बसले. तो अजून सरळ आहे.