पत्र्याला भोक न पाडता

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. माझ्या जुन्या व्हॅनने परवा भर चौकात मान टाकली. मागे पाइप, पुढे हॉर्न वाजवणारे लोक आणि मध्ये तुझा भाऊ. मी पोचेपर्यंत गिऱ्हाइकाने दुसरा प्लंबर बोलावला होता. या महिन्यातलं हे तिसरं.

आता एक तर साठवलेलं सगळं ओतून वापरलेली व्हॅन विकत घ्यायची, नाहीतर तीन वर्षांच्या करारावर नवी कोरी भाड्याने आणायची. भाड्याच्या गाडीची दुरुस्ती कंपनी करते, बंद पडली तर त्याच दिवशी दुसरी देते. पण दिली तशी परत करायची. पत्र्याला एकही भोक पाडायचं नाही, बाहेर नाव रंगवायचं नाही.

तुझं मत कळव. अण्णांना मात्र काही बोलू नकोस. आई गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी सुतारकामाची पेटी उघडलेली नाही. त्यात माझी काळजी कशाला?

माया भरपूर आहे, सल्ला तेवढा पाठव.

तुझा नळोबा


११ मार्च

चि. नळोबास अनेक आशीर्वाद.

विकत घे. ऐन शाळा उघडायच्या तोंडावर, गणवेशांचा ढीग पडलेला असताना, मालक भाड्याचं शिलाई मशीन उचलून घेऊन गेला होता. मी हातात सुई-दोरा घेऊन रडत बसले होते, विसरलास?

आता रागावू नकोस. अण्णांना लिहिताना माझ्या हातून लिहून गेलं की तू व्हॅन विकत घेतोयस. अगदी ठरल्यासारखं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, पेनाचंही तसंच आहे.

चार दिवस राग धर, पाचव्या दिवशी पत्र टाक.

तुझी ताई


२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

खूप विचार केला आणि भाड्याचीच ठरवली. सहीसुद्धा केली. वापरलेल्या गाडीची दुखणी मलाच काढावी लागली असती, आणि आणखी चार गिऱ्हाइकं गेली तर धंदाच बसेल. हप्ता वेळेवर दिला तर तीन वर्षं गाडी कोणी उचलून नेऊ शकत नाही, ते कलम तुझ्या मशीनची आठवण ठेवून दोनदा वाचलं.

पण तू इकडे काय करून ठेवलंयस ते ऐक. अण्णांनी पेटी उघडली! कोणती गाडी ते मला विचारून घेतलं आणि स्वतः गिऱ्हाईक असल्याचा आव आणून शोरूममध्ये तिची आतून मापं घेऊन आले. आता मागच्या खोलीत भुसाच भुसा. माझ्या सामानासाठी खणांचा रॅक बनवतायत, नळांना वेगळा खण, वायसरांना वेगळा. चहा गार होतो तरी भान नसतं. काल ते शीळ घालत होते, ताई.

हा रॅक ते पत्र्याला स्क्रूने बसवणार. मला तर एका भोकाचीही परवानगी नाही. हे सांगितलं तर ते पेटी पुन्हा बंद करतील, आणि मग कधीच उघडणार नाहीत. म्हणून रोज सांगतो, गाडी यायला अजून उशीर आहे. घोळ तू घातलास, तूच निस्तर.

रागावलोय, तरी तुझाच,
नळोबा


११ एप्रिल

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं गोलगोल पत्र मिळालं. गाडी भाड्याची असली तर काय बिघडलं, असं तू म्हणे सहज विचारतेस. सहज विचारणारी माणसं दोन पानं लिहीत नाहीत. शिवाय तुझा भाऊ खोटं बोलताना कान खाजवतो, आणि हल्ली कान लाल झालाय.

टेप शोधायला त्याच्या पिशवीत हात घातला, तर करार हाती आला. भिंग लावून सगळा वाचला. त्याचं बरोबर आहे, मीही हेच केलं असतं. वाईट एवढंच वाटलं, की मला सांगायला तो घाबरला.

अर्धा झालेला रॅक मोडला आणि नव्याने केला. सामान बांधायच्या कड्या गाडीत असतातच, त्यांना तो पट्ट्यांनी आवळायचा. खाली रबर. एकही स्क्रू पत्र्याला लागणार नाही. तीन वर्षांनी गाडी जाईल, रॅक घरी येईल. नाव बाहेर रंगवायला बंदी आहे ना? मी ते आतल्या फळीवर कोरलंय.

त्याला यातलं काही कळवू नकोस. अर्थात, हे मी कोणाला सांगतोय!

आठवण काढत जा, मी रोज काढतो.

अण्णा


२० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

आयुष्यात पहिल्यांदा तू तोंड बंद ठेवलंस!

गाडी आली. मी कान खाजवत उभा. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मला सांगितलं, की करारातलं सातवं कलम विसरू नकोस, सर्व्हिसिंगची तारीख चुकली तर दुरुस्ती आपल्या गळ्यात पडेल. म्हणजे करार त्यांनी कधीच वाचला होता, आणि तुला कळवूनही झालं होतं! अर्ध्या तासात रॅक बसला. पत्र्यावर ओरखडासुद्धा नाही.

सगळ्यात खालचा खण मात्र माझ्या कुठल्याच सामानाच्या मापाचा नव्हता. उघडला, तर आत अण्णांचा रंधा, पटाशी आणि करवत. हे कशाला, असं विचारलं. ते म्हणाले, नळ गळतो तिथे सिंकखालच्या कपाटाची दारंही कुजलेली असतात. नळ तू बघशील, दारं कोण बघणार?

उद्या आठला पहिलं काम आहे. अण्णांनी बूट पुसून दारात ठेवलेत.

असेच घोळ घालत जा.

तुझे,
प्लंबर आणि सुतार