मुक्ताने विचारलेला कोरिया

शुक्रवार, २० नोव्हेंबर १९९८, अल नहदा

आज इथल्या आखातातल्या मराठी मंडळात जपानी राष्ट्रवादावर तासभर बोललो. पश्चिमेची यंत्रं घेतली, पण शाळेतली भाषा आपलीच ठेवली, हे सांगताना आवाज चढला, टाळ्या पडल्या. आणि मागच्या रांगेतून आमची मुक्ता उठली. घरी फक्त इंग्रजीत उत्तरं देणारी माझी पंधरा वर्षांची लेक!

"बाबा, भाषेवर एवढं प्रेम होतं, तर त्यांनी कोरियाच्या मुलांची भाषा का काढून घेतली?"

अडखळत, पण अख्खा प्रश्न मराठीत.

"खलास! वक्ते घरच्याच बोलिंगवर आउट!" मंडळातले कुलकर्णी ओरडले. सगळे हसले.

मला कोरिया ठाऊक नव्हता का? होता. जपानी राजवटीने तिथल्या शाळांतून कोरियन भाषा हटवली, हे टाळ्या थंडावतील म्हणून टिपणातून गाळलं होतं. तसं माइकवर कबूल केलं. तो भाषेचा अभिमान दुसऱ्याच्या मानगुटीवर बसला, हेही म्हणालो.

गाडीत विचारलं, "मराठीत का गं विचारलंस?"

"अदरवाइज यू वुड से, आधी मराठीत विचार!"

कोरियाच्या मुलांची भाषा. तिच्या तोंडून, माझ्या भाषेत. छाती अजून फुगलेलीच आहे. पुढचं भाषण कोरियापासून सुरू करीन, तिला पहिल्या रांगेत बसवून.